भरती की मरती? ठळक, अरुंद अक्षरांचा थोडा अभ्यास



‘फॉन्ट’ म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा काय आठवतं? सेमिनार रिपोर्टच्या सूचना! टाइम्स न्यू रोमन, साइज बारा, हेडिंग बोल्ड, लाइन स्पेसिंग दीड. हे आपण निमूटपणे पाळतो आणि शेवटच्या वर्षी काळ्या पुठ्ठ्याचं बाइंडिंग करून त्यावर सोनेरी अक्षरं छापून घेतो. त्या ब्लॅक बुकची पाठ जेमतेम दोन बोटं रुंद. तिच्यावर प्रोजेक्टचं मारुतीच्या शेपटीएवढं नाव बसवायचं म्हणजे साधी अक्षरं कामाची नाहीत. तिथे लागतात उंच, चिंचोळी आणि जाड अक्षरं. इंग्रजी टाइपांत या जातीला ‘बोल्ड कंडेन्स्ड सेरिफ’ म्हणतात. वर्तमानपत्राचा मथळा, शब्दकोशातला शब्द, नाटकाची जाहिरात, जुनं पोस्टर, सगळीकडे ही जात किंवा तिची भावंडं भेटतात.

या लेखात आपण या अक्षरांचा स्वभाव, त्यांचे उपयोग आणि मराठीत आल्यावर त्यांचं काय होतं ते बघणार आहोत. विषय सजावटीचा वाटेल; पण हरिहरेश्वरच्या समुद्रकाठी या विषयाचा संबंध थेट माणसाच्या जिवाशी येतो. म्हणून उदाहरणासाठी मी तेच ठिकाण घेतलं आहे.

तीन शब्दांची फोड

आधी व्याख्या, कारण व्याख्येशिवाय आपल्याला मार्क कोण देणार!

सेरिफ म्हणजे इंग्रजी अक्षराच्या रेघेच्या टोकाशी असलेलं छोटं पाऊल. टाइम्स न्यू रोमनमधला कॅपिटल ‘आय’ बघा, वर आणि खाली एकेक आडवी पट्टी दिसेल. एरिअलमध्ये ती नाही. रोमन शिलालेखांतल्या अक्षरांनाही अशी पावलं आहेत, म्हणजे ही कल्पना जवळजवळ दोन हजार वर्षं जुनी आहे.

बोल्ड म्हणजे अक्षराची उंची तीच, पण रेघ जाड. आणि कंडेन्स्ड म्हणजे उंची तीच, पण रुंदी कमी.

आता गंमत बघा. बोल्ड म्हणतं, ‘मला जागा जास्त पाहिजे.’ कंडेन्स्ड म्हणतं, ‘जागा कमी कर.’ दोघांचं एकमेकांशी भांडण आहे. रेघ जाड झाली आणि रुंदी कमी झाली तर मार कोणाला बसतो? अक्षराच्या पोटातल्या पांढऱ्या जागेला. म्हणजे या टाइपात सगळी कसोटी काळ्या शाईची नसून पांढऱ्या जागेची असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हीच कामाला येणार आहे.

स्वभाव म्हणाल तर ही अक्षरं संध्याकाळच्या विरार लोकलमधल्या प्रवाशांसारखी. खांद्याला खांदा लावून ताठ उभी. जागा थोडी, आवाज मोठा. सेरिफमुळे त्यांना थोडा जुनेपणा आणि भारदस्तपणा येतो. त्याच मापाचं बिनसेरिफचं अक्षर कारखान्यातल्या पाटीसारखं कोरडं वाटतं, तर सेरिफचं वकिलाच्या कोटासारखं. म्हणूनच गंभीर बातमीचा मथळा बऱ्याच वर्तमानपत्रांनी सेरिफमध्ये दिला.

पण ही अक्षरं मुक्कामाला ठेवायची नाहीत. एक ओळ, दोन ओळी, बस्स. हरिहरेश्वरला आधी काळभैरवाचं दर्शन घ्यायचं आणि मग हरिहरेश्वराचं, अशी प्रथा आहे. पानावर ठळक अरुंद अक्षराची जागा त्या काळभैरवासारखी. ते क्षेत्रपालाचं काम करतं, येणाऱ्याला थांबवतं, मग आत मजकुराकडे पाठवतं. सगळा मजकूरच त्यात लावला तर वाचणाऱ्याला गाभारा कुठला आणि दार कुठलं तेच कळत नाही.

जन्म कशासाठी झाला?

१८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून रॉबर्ट बेस्ली यांनी ‘क्लॅरेंडन’ नावाचा टाइप बाजारात आणला. त्याचे ठसे बेंजामिन फॉक्स यांनी कोरले होते. जाड रेघ, थोडी कमी रुंदी आणि भक्कम सेरिफ. त्याआधी जाहिरातींसाठी लठ्ठ अक्षरं निघाली होतीच, पण साध्या मजकुराच्या ओळीत शेजारी बसून एखादा शब्द उठून दिसेल असा जाड टाइप ही खरी गरज होती. शब्दकोशात तो फार शोभला, कारण तिथे शोधायचा शब्द पटकन दिसला पाहिजे आणि अर्थ शांतपणे वाचता आला पाहिजे. त्या टाइपाची ब्रिटनच्या १८४२ च्या डिझाइन कायद्याखाली तीन वर्षांसाठी नोंदणी झाली होती. मुदत संपताच इतर फाउंड्र्यांनी त्याच्या नकला काढल्या. पायरसी काही आपल्या हॉस्टेलमध्ये सुरू झालेली नाही!

दुसरी गरज वर्तमानपत्रांची. एक छोटं गणित करू. कॉलमची रुंदी ५ सेंटिमीटर धरा. मथळा ३६ पॉइंटचा. एक पॉइंट म्हणजे एक इंचाचा बहात्तरावा भाग, म्हणून ३६ पॉइंट म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. साध्या अक्षराची सरासरी रुंदी त्याच्या निम्मी, साधारण ६.३५ मिलिमीटर. मग एका ओळीत किती अक्षरं? जेमतेम आठ. आता रुंदी सत्तर टक्के केली तर तेवढ्याच जागेत अकरा अक्षरं बसतात. आठ अक्षरांत बातमी सांगणं आणि अकरा अक्षरांत सांगणं, यात उपसंपादकाच्या डोक्याचा ताप किती वाचतो ते तुम्हीच ठरवा. शिवाय जाहिरातीची जागा सेंटिमीटरच्या हिशोबाने विकली जाते. म्हणजे अरुंद अक्षर हे चक्क पैसे वाचवणारं अक्षर आहे.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००३ साली आपल्या पहिल्या पानावरच्या मथळ्यांची खिचडी बंद करून ‘चेल्टनहॅम’ हे एकच घराणं ठेवलं. मॅथ्यू कार्टर यांनी ते नव्याने रेखाटलं. त्यातही एकच बोल्ड ताणून किंवा दाबून वापरला नाही, वेगवेगळ्या जाडीची आणि रुंदीची अक्षरं स्वतंत्रपणे काढली. असं का करावं लागतं, ते पुढच्या गणितात कळेल.

मराठी अक्षर रेघेला लोंबतं

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. पहिलीत आम्हाला चार रेघांची वही असायची. कॅपिटल अक्षर कुठून कुठपर्यंत, ‘जी’ची शेपटी कुठे, सगळं ठरलेलं. मराठी आली तेव्हा बाई म्हणायच्या, ‘आधी अक्षर काढ, मग डोक्यावर रेघ दे.’ तेव्हा ते फक्त वेगळं वाटलं. आता कळतं की दोन लिप्यांमधला मुख्य फरक तोच आहे. इंग्रजी अक्षर रेघेवर उभं राहतं आणि मराठी अक्षर रेघेला लोंबतं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं.

त्यामुळे इंग्रजी अर्थाने सेरिफ मराठीत नाही. पावलं देणार कुठे? आपल्याकडे त्याच्या जागी दोन गोष्टी आहेत. एक, अक्षरांना बांधून ठेवणारी शिरोरेषा. दोन, बोरूची तिरकी कापलेली टोकं आणि त्यामुळे येणारा जाड-बारीकपणा. मराठीतला ‘सेरिफचा भाऊ’ म्हणजे बोरूच्या वळणाचं, जाड-बारीक रेघांचं छापील अक्षर.

त्याचा इतिहासही मोठा आहे. १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशन प्रेसमधून विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण देवनागरी टाइपात छापलं गेलं. पुढे मुंबईत एकोणिसाव्या शतकात या कलेने बाळसं धरलं. १८६० च्या दशकात जावजी दादाजी यांनी टाइप फाउंड्री आणि मग निर्णयसागर छापखाना काढला. तिथले ठसे राणोजी रावजी आरू यांनी कोरले. निर्णयसागरची भरदार, गोलसर अक्षरं संस्कृत पोथ्यांबरोबर देशभर पोचली. शंभर वर्षांनी, १९७१ साली, बापूराव नाईक यांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ लिहून या सगळ्याचा हिशोब मांडला. तो भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला.

मराठीत ठळक अक्षरावर इंग्रजीपेक्षा जास्त जबाबदारी पडते. इंग्रजीत जोर द्यायचा तर कॅपिटल आहे, इटॅलिक आहे, बोल्ड आहे. आपल्याला कॅपिटल नाही आणि तिरकं अक्षर आपल्या वळणातलं नाही. राहिलं काय? मोठा आकार, रंग आणि काळा टाइप. पण खिळे जुळवण्याच्या काळात प्रत्येक नवा काळा टाइप म्हणजे काना, मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो खिळ्यांचा नवा संच. छोट्या छापखान्याला तो कुठून परवडणार? म्हणून मोठ्या अक्षरांचं काम हाताने अक्षर रेखाटणाऱ्यांकडे गेलं.

या हाताच्या कामाचं मोठं नाव म्हणजे कमल शेडगे (१९३५–२०२०). मराठी नाटकांच्या जाहिराती, मासिकांची आणि पुस्तकांची नावं त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं रेखाटली. वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात किती चिंचोळी असते ते आपण पाहतोच. ते त्या जागेसाठी अक्षर नव्याने काढायचे. कुठली वेलांटी लांबवायची, कुठला काना आखडायचा, हे त्या शब्दापुरतं ठरायचं. म्हणजे कंडेन्स्ड करणं हे काम डोळ्यांचं आणि विचारांचं होतं.

माउसने दाबलं की काय होतं?

आता आपल्या नाक्यावरच्या डीटीपीच्या दुकानात या. कोरल ड्रॉमध्ये फ्लेक्सचा मजकूर लावलाय. शेवटचा शब्द बसत नाही. मग काय करतात? अक्षरांच्या चौकटीचा कोपरा माउसने धरतात आणि आत ढकलतात. झालं कंडेन्स्ड! नाही झालं. बघा कसं.

समजा एका अक्षराची उभी रेघ २० मिलिमीटर जाड आहे आणि शिरोरेषाही २० मिलिमीटर. रुंदी निम्मी केली, म्हणजे फक्त एक्स अक्षावर ०.५ ने गुणलं. वाय अक्षाला हात लावला नाही. आता उभी रेघ १० मिलिमीटर झाली आणि शिरोरेषा २० च राहिली. बोल्ड अक्षराचा बोल्डपणा निम्मा गेला, तोही नको तिथला. इंग्रजीत अशा वेळी खांब बारीक आणि पावलं जाड होतात, म्हणजे काडीपैलवानाच्या पायात गमबूट! मराठीत शिरोरेषा तुळईसारखी वर बसते आणि खालची अक्षरं काड्यांसारखी लोंबतात.

खऱ्या कंडेन्स्ड टाइपात उभ्या रेघेची जाडी राखतात, वळणं पुन्हा काढतात आणि पोटातली पांढरी जागा मोजूनमापून ठेवतात. ते नवं डिझाइन असतं, नुसतं स्केलिंग नसतं.

दुसरी लबाडी म्हणजे खोटा बोल्ड. ज्या फॉन्टला बोल्ड नसतो त्याच्यावर ‘बी’चं बटण दाबलं की कॉम्प्युटर अक्षर थोडं फुगवतो. फुगवताना तो कुठली फट अक्षराचा भाग आहे हे बघत नाही. इंग्रजीचं त्याने फारसं बिघडत नाही. मराठीत मात्र फटच अर्थ ठरवते. ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक कशाचा? डोक्यावरची फट आणि एक छोटी गाठ. ‘ध’ आणि ‘घ’ यांतही तेच. ‘थ’ आणि ‘य’ यांतही तेच.

ही फट भरली की ‘भरती’ची ‘मरती’ होते. आणि ‘धोका’चं होतं ‘घोका’! परीक्षेच्या आधी ‘घोका’ हा सल्ला आपल्या कामाचा आहे, पण समुद्राच्या काठावर नाही.

हरिहरेश्वरचा फलक

ज्यांनी हरिहरेश्वर पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे हे गाव आहे. खाडीपलीकडे बाणकोट. दक्षिण काशी म्हणून त्याची ख्याती. देवळाच्या मागे डोंगर चढून गेलं की दोन कड्यांमधून पायऱ्या खाली उतरतात आणि समोर एकदम समुद्र येतो. तिथून खडकांवरून डोंगराला वळसा घालत प्रदक्षिणेची वाट जाते. लाटांनी कोरलेले कडे, दगडात पडलेली जाळी, सगळं इतकं सुंदर की माणसाचं भान हरपतं. धोका तिथेच आहे. ही वाट ओहोटीची आहे. भरती चढली की लाटा त्या खडकांवर येतात, दगड निसरडे होतात आणि परतीची वाट बंद होते. या वाटेवर लाटांनी माणसं ओढून नेल्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत.

अशा ठिकाणी फलक लिहायचा असेल तर अक्षर कसं असावं? आपल्या पद्धतीने, गणिताने जाऊ.

निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन वेगळा ओळखू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांचा अक्षरांचा तक्ता याच हिशोबावर बेतलेला असतो. त्यातलं अक्षर पाच कलांचं, कारण ‘ई’सारख्या अक्षरात तीन रेघा आणि दोन फटी मिळून पाच पट्टे होतात. ३० मीटरवर एक कला म्हणजे ८.७ मिलिमीटर. मग इंग्रजी अक्षराची किमान उंची पाच पट, साधारण ४४ मिलिमीटर.

आता मराठी ‘हे’ घ्या. मात्रा, फट, शिरोरेषा, फट, मग ‘ह’ची वळणं आणि शेपटी. कागदावर पट्टे मोजले तर नऊच्या आसपास भरतात. म्हणजे मात्रेपासून शेपटीपर्यंत किमान उंची ७८ मिलिमीटर. हा झाला अगदी कडेचा आकडा. प्रत्यक्षात संध्याकाळचा उजेड, चष्म्यावर उडालेलं खारं पाणी, आजी-आजोबांची नजर हे सगळं धरून दुप्पट तरी घ्यायला हवं. म्हणजे साधारण सोळा सेंटिमीटर. तात्पर्य काय? त्याच अंतरावरून वाचायला मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते.

पण रुंदीचं उलटं आहे. रोमन लिपीत ‘हरिहरेश्वर’ लिहायला तेरा अक्षरं लागतात. मराठीत सहा: ह, रि, ह, रे, श्व, र. ‘श्रीवर्धन’ला रोमनमध्ये अकरा, मराठीत चार. काना-वेलांटीने आपली अक्षरं रुंद होतात हे खरं, पण तरीही शब्द आटोपशीर राहतो. तेव्हा एकाच पाटीवर दोन्ही लिप्या असतील तर दाबायचीच झाली तर इंग्रजी दाबावी, मराठी दाबू नये. प्रत्यक्षात बऱ्याच पाट्यांवर दोन्हींना सारखीच उंची देतात आणि सारखंच दाबतात. त्यात मराठीचं दुहेरी नुकसान होतं.

मघाचं दाबलेलं अक्षर आठवा. १० मिलिमीटरची उभी रेघ आणि २० ची शिरोरेषा. ५० मीटरवर एक कला म्हणजे १४.५ मिलिमीटर. म्हणजे तिथून शिरोरेषा ठसठशीत दिसणार आणि उभ्या रेघा एकमेकींत मिसळून अंधुक होणार. वाचणाऱ्याला काय दिसतं? एक लांब काळी रेघ आणि तिच्याखाली कुंपण.

आणखी एक शत्रू म्हणजे समुद्राची हवा. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो, उन्हाने लाल रंग फिका पडतो. बारीक रेघ आधी जाते, जाड रेघ मागे राहते. म्हणून ज्या टाइपात जाड रेघ फार जाड आणि बारीक रेघ केसासारखी, असा देखणा टाइप इथे चालणार नाही. दोन पावसाळ्यांनी अक्षरांचे तुकडे उरतील.

तर मग मोठा, दणकट, रुंद अक्षर पाहिजे, आणि फलकाची जागा तर ठरलेली. आता काय करायचं? उत्तर टाइपात नाही, मजकुरात आहे. आपल्याकडे सूचना कशा लिहितात? ‘सर्व भाविक व पर्यटकांना सूचित करण्यात येते की, भरतीच्या वेळी सदर प्रदक्षिणा मार्गावर जाणे धोकादायक असून तसे केल्यास होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहणार नाही.’ (नमुना माझा, भाषा ओळखीची!) एवढे शब्द बसवायचे तर अक्षर दाबावंच लागतं. आणि दाबलं की ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच ते वाचता येत नाही. तो सेल्फीसाठी पुढे गेलेला असतो.

त्याऐवजी:

थांबा.
भरतीत पुढे जाऊ नका.
आज पूर्ण भरती: ३ वाजता.

तीन ओळी. पहिली सगळ्यात मोठी. ‘भरती’तल्या ‘भ’ची फट मुद्दाम जास्त उघडी ठेवलेली. ओळींमध्ये मात्रा आणि उकार यांना श्वास घ्यायला जागा. आणि तिसऱ्या ओळीतला आकडा रोज बदलता येईल असा खडूचा किंवा सरकत्या पाट्यांचा. तिथे उंच, अरुंद, ठळक आकडे अगदी योग्य आहेत, कारण आकड्यांना ना मात्रा ना जोडाक्षर. कालनिर्णयच्या पानावर मोठे आकडे लांबूनही वाचता येतात, हे आपल्या घरोघरी सिद्ध झालेलं आहे.

हा ‘३ वाजता’ मी उगाच लिहिलेला नाही. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं. अंदाजापुरतं हे ठीक, फलकावर मात्र अधिकृत भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ हवी. आणि वाटेवर उतरायचं की नाही, ते गावातल्या माणसाला विचारूनच ठरवायचं.

मग ही अक्षरं वापरायची कुठे?

एवढं वाचून कोणाला वाटेल की मी ठळक अरुंद अक्षरांच्या विरोधात आहे. अजिबात नाही. प्रत्येक अवजाराचं एक काम असतं. स्क्रूड्रायव्हरने खिळा ठोकला तर दोष स्क्रूड्रायव्हरचा नाही.

वापरा: वर्तमानपत्राचा आणि भित्तिपत्रकाचा मथळा, पुस्तकाची पाठ, शब्दकोशातला शब्द, तक्त्याचं शीर्षक, कार्यक्रमाचं नाव, तारखा आणि वेळा. म्हणजे जिथे वाचणारा जवळ आहे, थांबलेला आहे आणि शब्द थोडे आहेत.

वापरू नका: लांबून, चालता चालता किंवा घाईत वाचायच्या धोक्याच्या पाटीवर, लांब परिच्छेदात, औषधाच्या सूचनेत आणि जोडाक्षरांनी गच्च भरलेल्या शब्दांत.

आज साधनं भरपूर आहेत. ‘खंड’ हा अरुंद देवनागरी टाइप आहे, त्यात पांढऱ्या जागा उघड्या ठेवल्या आहेत. ‘रोझा वन’ हा जाड-बारीक रेघांचा भारदस्त टाइप, आपल्या विषयातल्या बोल्ड सेरिफचा मराठीतला जवळचा नातेवाईक. पोस्टरवर राजासारखा दिसतो, पण लांबच्या पाटीवर त्याच्या बारीक रेघा हरवतील. ‘मोदक’ नावाला जागणारा गुबगुबीत. त्याच्या डिझायनरांनी पोटातली पांढरी जागा चिरेएवढीच ठेवली, पण ठेवली! ‘यात्रा वन’ रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. हे सगळे फुकट आणि युनिकोडमध्ये मिळतात. एकदा उतरवून घ्या आणि प्रत्येकात ‘भरती’, ‘धोका’ आणि ‘थांबा’ लिहून बघा. फॉन्टची तोंडी परीक्षा तीन शब्दांत होते.

आपल्या फेस्टचं पोस्टर असो की वर्कशॉपमधली ‘हाय व्होल्टेज’ची पाटी, छापायला देण्याआधी तीन गोष्टी करा. एक, प्रिंट भिंतीला लावून तीस पावलं मागे जा आणि ज्याने तो मजकूर लिहिलेला नाही अशा मित्राला वाचायला सांगा. दोन, तो अडखळला तर फॉन्ट बदलण्याआधी एक शब्द कमी करा. तीन, तरीही बसत नसेल तर पाटी मोठी करा. अक्षर दाबणं हा चौथा उपाय, आणि तो करायचाच तर त्यासाठी काढलेला खरा कंडेन्स्ड टाइप घ्या, माउस नको.

समुद्र कोणासाठी थांबत नाही. त्याच्या आणि माणसाच्या मध्ये पुष्कळदा एक पाटीच उभी असते. ती देखणी नसली तरी चालेल. पण ‘भ’ हा ‘भ’च दिसला पाहिजे.